बोलिव्हारचा टाक

“घोडा आहे का त्याला?” दादांनी विचारलं.

“आहे,” झेंडे गुरुजी म्हणाले.

“तलवार?”

“आहे तर! तलवारीशिवाय कुणाला स्वातंत्र्य मिळालंय?”

“तूच तर पोरांना शाळेत सांगायचास, बिनतलवारीचं मिळालं म्हणून.”

“रंगू, तू सोनार आहेस, पदक कर. राजकारण मला शिकवू नकोस.”

मी आत रिठे भिजत घालत होते, तिथूनच हसले. माझे वडील रंगनाथ उदावंत आणि झेंडे गुरुजी हे एका पाटीवर शिकलेले दोघे भेटले की भांडायचेच, आणि दोन दिवस भेटले नाहीत की एकमेकांची चौकशी मला करायला लावायचे.

साल त्र्याऐंशी, जुलै महिना. जेजुरीला गडाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं टाकांचं दुकान होतं. देवघरात पुजायच्या देवांच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या चांदीच्या छोट्या प्रतिमा, ते टाक. पितळी ठशात देव खोल कोरलेला असतो. त्यावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वर शिसं ठेवून हातोडीनं ठोकायचं, की देव पत्र्यात उठून येतो. दादांनी पन्नास वर्षं हेच केलं. त्यात निम्म्याहून जास्त खंडोबा. घोड्यावर देव, मागं म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रं. झोपेतही त्यांची बोटं तेच ठोकत असतील असं मला वाटायचं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. सासरी माझं पटलं नाही. माझी जीभ तिखट आणि त्या घरात सगळ्यांनाच गुळाची सवय! दोन वर्षांत ट्रंक उचलून परत आले. दादांनी का आलीस म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. ताट वाढलं आणि म्हणाले, “आमटी तिखट झालीय, तुला चालेल.” थोरला भाऊ पिंपरीला कंपनीत लागला होता, आई मी नऊ वर्षांची असताना गेली, तेव्हा दुकानात आम्ही दोघंच. मात्र ठशाला बाईचा हात लागायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी टाक उजळायचे, गिऱ्हाइकांशी वाद घालायचे, आणि घासाघीस करणाऱ्यांना पायऱ्यांपर्यंत पोचवून यायचे.

तर गुरुजींचं असं होतं. बेचाळीसमध्ये ते एकोणीस वर्षांचे असताना येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथं बराकीतल्या कुणीतरी त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हारची गोष्ट सांगितली. पाच-सहा देश स्पेनच्या तावडीतून सोडवले आणि शेवटी अंगावरचा सदराही उसना घेऊन मेला, असा माणूस. गुरुजींच्या डोक्यात तो जो बसला तो उठलाच नाही. शाळेत चौतीस वर्षं ते पोरांना हा माणूस सांगत आले. निवृत्त झाले तरी दर साली वक्तृत्व स्पर्धा तेच घ्यायचे. आता चोवीस जुलैला बोलिव्हारच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती, आणि जेजुरीत त्याच्या नावाचं पदक निघालंच पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला होता. गाव हसत होतं. नुकताच आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलेला. पोरं म्हणायची, “गुरुजी, कपिल देवचं काढा की!”

गुरुजींनी रुमालात बांधून चांदीचं फुलपात्र आणलं होतं. “यात तीन पदकं होतील. एक पहिल्या नंबराला, एक शाळेला, एक पाहुण्यांना. पाहुण्या त्याच्याच देशाच्या आहेत. पुण्यात योग शिकायला आलेली मुलगी आहे, माझ्या एका मित्राच्या शेजारी राहते.”

“हे फुलपात्र दिलेलं वहिनींना माहितीय?” दादांनी विचारलं.

“सांगीन.”

“म्हणजे मेलास तू.”

गुरुजींनी पुस्तकातलं एक चित्र पुढं केलं. दादांनी ते हातात घेतलं, जरा लांब धरलं, जवळ धरलं, आणि माझ्याकडे दिलं. “यमे, तू बघून सांग. मला या परदेशी छपाईतलं कळत नाही.”

मी सांगितलं. घोडा मागच्या पायांवर उभा आहे. माणूस बारीक अंगाचा, कुरळे केस, कल्ले, डोक्यावर पगडी नाही.

“नवा ठसा कोरायला वेळ नाही,” दादा म्हणाले. “खंडोबाचा जुना झिजलेला ठसा आहे. त्याला सुधारू. घोडा, तलवार तयारच आहे.”

गुरुजी उडालेच. ते देव न मानणारे. जेजुरीत जन्मून गडावर फक्त हवा खायला जायचे. “रंगू, त्याचा खंडोबा करू नकोस हं! नीट ऐक. पगडी नको. भंडाऱ्याचं ताट नको. मागं बाई नको. खाली कुत्रं नको.”

“बायको नव्हती त्याला?”

“होती. लग्न झालं आणि वर्षाच्या आत तापानं गेली. पुन्हा केलं नाही त्यानं.”

दादांनी ठशावरची धूळ धोतरानं पुसली. “बरं,” म्हणाले.

गुरुजी पायरी उतरताना मला हळूच म्हणाले, “यमू, लक्ष ठेव गं. शाळेच्या अध्यक्षांनी हॉल दिलाय, पण त्यांनी सांगून ठेवलंय की शाळेचं हसं झालं तर पुढल्या सालापासून ही स्पर्धा बंद. माझं हसं झालं तर चालतं. त्याची मला सवय आहे. पण स्पर्धा बंद पडली तर घरात बसून करू काय मी?”

लक्ष मी ठेवून होतेच, पण ते वेगळ्याच गोष्टीवर. गेल्या चंपाषष्ठीपासून दादांचं काहीतरी बिघडलं होतं. बारामतीचं एक गिऱ्हाईक टाक घेऊन परत आलं, घोड्याला एकच कान. चहा कपाऐवजी बशीच्या कडेला ओतला जायचा. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की दादा म्हणायचे, “माझे डोळे माझ्या बोटांत आहेत, तिथं डॉक्टर काय बघणार?” मी त्यांच्याशी मिठापासून मतदानापर्यंत सगळ्यावरून भांडायचे, पण या एका गोष्टीवरून भांडायची माझी हिंमत होत नव्हती. कारण मला स्वच्छ दिसत होतं, ज्या दिवशी कुणी म्हणेल की ‘रंगनाथराव, तुम्हाला दिसत नाही’, त्या दिवशी ते हातोडी खाली ठेवतील, आणि हातोडी ठेवल्यावर हा माणूस चार महिने काढायचा नाही. आई गेल्यानंतर त्यांना उभं ठेवलं ते त्या ठकठकीनंच.

कडेची अक्षरं त्यांनी मला कोरायला सांगितली. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती पत्र्यावर सुलटी उठतात.

“मी? ठशाला हात लावू?”

“अक्षरांना सोवळं नसतं. आणि तुझं वळण बरं आहे.”

खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही ते गिळून बसलो. आरसा समोर ठेवून मी दोन दिवस कोरत होते. ‘मुक्तिदाता बोलिव्हार १७८३–१९८३.’ मग दादांनी ठसा आपल्याकडे घेतला. म्हाळसेच्या खळग्यात कथील ओतून ती जागा सपाट केली, पगडी बुजवली, डोक्याला कुरळे केस दिले. सगळं बोटानं चाचपून. मी पलीकडे बसून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते आणि तांदूळ निवडतेय असं दाखवत होते. त्या दिवशीच्या भातात खडे निघाले.

बावीस तारखेला पदकं ठोकून झाली. दादा म्हणाले, “उजळून घे,” आणि पारावर गप्पा मारायला गेले. मी रिठ्याच्या पाण्यात ब्रश बुडवला, पहिलं पदक घासलं आणि हात तिथंच थांबला.

घोडा झकास उठला होता. माणूस तर असा, की पुस्तकातल्या चित्राहून बरा. मागची जागा रिकामी, गुळगुळीत. आणि घोड्याच्या पुढच्या पायाशी, मान वर करून धन्याकडे बघत, आपलं जेजुरीचं कुत्रं!

बाई गं! घाईघाईनं बाकीची दोन घासली. तिन्ही पदकांवर कुत्रं. बुजवायचंच राहिलं होतं. गुरुजींनी बजावून सांगितलं होतं, आणि दादांना ते दिसलंच नव्हतं.

मऊ राळेच्या लगद्यावर पदक सुलटं बसवून वरून चार हलके ठोके दिले असते, तर कुत्रं सपाट झालं असतं. मी हातोडी उचललीही. मग आठवलं, दादा प्रत्येक टाक देताना त्यावरून अंगठा फिरवतात. कुत्र्याची जागा सपाट लागली की ते विचारणार, यमे, इथं काय केलंस? आणि मग मी काय सांगू? तुम्हाला दिसलं नाही म्हणून मी बुजवलं, असं? नको. गुरुजींना जाऊन सांगावं, तर ते तरातरा येऊन दादांशीच भांडणार.

एकीकडे गुरुजींची स्पर्धा, दुसरीकडे माझे दादा. मी दादांना निवडलं. आज सांगायला काही वाटत नाही, पण तेव्हा स्वतःची लाज वाटली. एवढ्याएवढ्याशा कुत्र्याकडे कोण निरखून बघतंय, अशी मनाची समजूत घातली आणि तिन्ही पदकं लख्ख केली. दादा आले, अंगठा फिरवला, माझ्याकडे तोंड करून जरा थांबले. मी काहीच बोलले नाही. त्यांनी पदकं मखमलीच्या डब्यांत घातली.

चोवीस तारखेला रविवार होता. शाळेचा हॉल भरला होता, कारण गोरी पाहुणी येणार हे गावभर झालं होतं. ती गोरी नव्हतीच. गव्हाळ, आपल्यातलीच वाटावी अशी, केसांची लांब वेणी. नाव मारिसोल. येताना कुणीतरी तिच्या कपाळाला भंडारा लावला होता आणि तिनं तो पुसला नव्हता. गुरुजी कडक इस्त्रीच्या खादीत, इंग्रजी सांभाळत तिच्याशी बोलत होते. मी आणि दादा दुसऱ्या रांगेत.

भाषणं झाली. भंडारी आळीतल्या एका पोरीचा पहिला नंबर आला. अध्यक्ष आबा भोईटे पदक द्यायला उठले. त्यांनी डबा उघडला, पदक उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर सरकवला. आणि मेला माणूस माईकपुढंच हसला की हो!

“गुरुजी, अहो हा तर आपला मल्हारी! नाव तेवढं परदेशी! हे बघा, पायाशी कुत्रंसुद्धा आहे!”

हॉल खदाखदा हसला. मागच्या बाकांवरून पोरं ओरडली, “येळकोट येळकोट जय मल्हार!” की पुन्हा हसू. गुरुजींनी पदक हातात घेतलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. त्यांनी मान वर केली ती थेट दादांकडे. मी दादांचा हात घट्ट धरला. वाटलं उठावं आणि ओरडून सांगावं, चूक माझी आहे, मी बघितलं होतं!

तेवढ्यात मारिसोल उठली. तिला हसण्याचं कारण कळलं नव्हतं. तिनं गुरुजींच्या हातून पदक घेतलं, बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

“नेवादो!” ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, “नेवादो!”

आणि ती रडायला लागली. हसतही होती आणि रडतही होती. मागची पोरं बघायला बाकांवर चढली. ती गुरुजींना इंग्रजीत भराभर काहीतरी सांगत होती, गुरुजी तिला मध्येच थांबवून पुन्हा विचारत होते. शेवटी ते माईककडे वळले.

“ऐका. या म्हणतात, बोलिव्हारला कुत्रं होतं. नेवादो त्याचं नाव. नेवादो म्हणजे बर्फाळ. पाठीवर पांढरा पट्टा होता म्हणून. या ज्या डोंगरातल्या आहेत तिथल्याच एका गावानं त्याला ते पिल्लू भेट दिलं. ते आठ वर्षं त्याच्याबरोबर लढायांत हिंडलं आणि शेवटी एका लढाईतच पडलं. त्यांच्याकडे लहान पोरांना ही गोष्ट सांगतात. यांना यांच्या आजोबांनी सांगितली होती. त्या विचारतायत, इतक्या लांब, या गावात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

आबा भोईट्यांचा चष्मा अजून कपाळावरच होता. “गुरुजी, तुम्हाला माहीत होतं होय?”

इथं गुरुजींनी हो म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण ते झेंडे गुरुजी.

“नाही,” ते म्हणाले. “माझ्या पुस्तकात कुत्रं नाही. मी तर नको म्हणून सांगितलं होतं. हे काम रंगनाथ उदावंतांचं. त्यांनाच विचारा.”

टाळ्या वाजायला लागल्या. मी दादांना घेऊन गेले. व्यासपीठाची पायरी त्यांच्या पायाला सापडेना, मी दंड धरून वर चढवलं. माईकसमोर दादांनी धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाले, “आमच्यात घोडा आला की कुत्रं येतंच.” एवढंच. पोरांनी पुन्हा “येळकोट येळकोट” केलं, पण या वेळी त्यात चेष्टा नव्हती. मारिसोलनं वाकून दादांच्या पायाला हात लावला. कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मी चहा टाकला. दादा ठोकायच्या जागी जाऊन बसले.

“यमे, इकडं ये. बस.”

बसले.

“कुत्रं दिसलं होतं ना तुला?”

खोटं बोलणं मला जमत नाही. “दिसलं होतं.”

“उजळतानाच?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

चहा उतू गेल्याचा वास आला तरी उठले नाही.

“मी वाट बघत होतो,” दादा म्हणाले. “म्हटलं, आता यमी कडाडणार. गुरुजींनी नको सांगितलेलं तुम्ही का ठेवलं म्हणून घर डोक्यावर घेणार. तू काही बोललीच नाहीस. अगं, आमटीत मीठ कमी पडलं तरी तू माझ्याशी भांडतेस! तेव्हाच मला कळलं. माझ्या डोळ्यांचं हिला कळलंय, आणि ही मला सांभाळून घेतेय.”

“म्हणजे,” मी म्हणाले, “कुत्रं राहिलं नव्हतं? ठेवलं होतं तुम्ही?”

“ठेवलं होतं. झेंड्या म्हणाला बायको काढ, काढली. कथील ओतलं, घासलं आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. घोड्यावर मागं कुणी नाही. आता इतक्या लांबच्या वाटेला निघायचं माणसानं, आणि सोबतीला कुत्रंही नको? झेंड्याला काय, त्याची बायको घरात आहे.” दादांनी समोरचा ठसा चाचपला. “नाही बुजवता आलं मला. त्याला खरंच कुत्रं होतं हे काय मला ठाऊक? मल्हारीनं लाज राखली, एवढंच.”

अठरा वर्षांत आईबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले. मला हुंदका फुटला. मी त्यांच्यावर ओरडलेच, “मग आधी सांगायचं नाही का? दोन दिवस जीव टांगणीला लागला माझा! गुरुजींचं वाटोळं झालं असतं!”

“हां,” दादा म्हणाले. “आता बरं वाटलं. अशी बोल.”

मग त्यांनी हातोडी उचलली, दांडा माझ्याकडे केला.

“मला ठसा दिसत नाही यमे. चंपाषष्ठीच्या आधीपासून नाही. बोटानं चालवलं, पण परवाच्या तीन पदकांपुरतीच उमेद होती. धर.”

“आपल्यात बाईनं...”

“रीत मीच सांगत होतो ना? मीच मोडतो. धर. आणि मी इथंच बसणार आहे. पहिला ठोका चुकलास तर ऐकू येईल मला.”

पहिला ठोका चुकलाच. दुसराही. दादा नऊ वर्षं माझ्याशेजारी बसून ऐकत होते. मी म्हटलं होतं, चार महिने काढायचे नाहीत! तीन वर्षांनी मी त्यांना ओढत नेऊन मोतीबिंदू काढवला. थोडं दिसायला लागलं, तरी हातोडी काही परत मागितली नाही.

ते गेले तेव्हा वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा टाक मीच केला. देवघरात आईचा टाक वेगळा होता, जुना, त्यांनी केलेला. दादांच्या टाकासाठी मी नवा ठसा कोरला. मांडी घालून बसलेले दादा, हातात हातोडी आणि गुडघ्याशी मान वर करून बसलेलं कुत्रं. भावाला ते विचित्र वाटलं. म्हणाला, आपल्याकडे कधी कुत्रं होतं? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

गुरुजी काठी टेकत आले. सत्तरीचे झाले होते. स्पर्धा तेव्हाही चालू होती, आणि पदकावरचं कुत्रंही. त्यांनी टाक तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला. डोळे पुसले, नाक शिंकरलं.

“मी हे टाक-बीक काही मानत नाही, यमू.”

“माहितीय.”

“पण उद्या आमच्या घरच्यांनी हट्टच धरला, तर माझ्याही पायाशी एक कुत्रं ठेव.”

“तुम्हाला कशाला? काकू आहेत की अजून, ठणठणीत!”

“आहे ना. ती अजून त्या फुलपात्रावरून बोलत नाही माझ्याशी,” गुरुजी म्हणाले. “माझ्यासाठी नको गं ते. वर मी आणि रंगू भेटलो, की त्याच्या कुत्र्याला कुणीतरी खेळायला पाहिजे.”